पेठांतून खराडीपर्यंत : शहराच्या हिशेबाची वाटचाल

पुण्याच्या खराडी भागातल्या अनेक सोसायट्यांत राहणारी कुटुंबे पाण्याचे पैसे दोनदा मोजतात. एकदा महापालिकेच्या मिळकतकराच्या बिलात आणि दुसऱ्यांदा सोसायटीच्या मासिक देखभाल खर्चात, कारण त्यातून टँकरची बिले भागवली जातात. महापालिकेच्या अंदाजपत्रकात यातली पहिली रक्कम दिसते, दुसरी कुठेच दिसत नाही. शहर चालवायला खरोखर किती खर्च येतो आणि तो कोण सोसतो, हे नुसते अंदाजपत्रक वाचून कळत नाही. त्यासाठी घरोघरी जाऊन विचारावे लागते. पुण्यात हे काम जवळजवळ नव्वद वर्षांपूर्वी सुरू झाले. ते ज्या संस्थेने सुरू केले, तिची वाटचाल खराडीत राहून वाचली, की ती केवळ जुन्या विद्वानांची कथा राहत नाही.

गोखले राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र संस्था ६ जून १९३० रोजी स्थापन झाली. साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांनी सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीला दिलेल्या देणगीतून ती उभी राहिली. नाव गोपाळ कृष्ण गोखल्यांचे, आणि ते नुसते आदरापोटी दिलेले नव्हते. सरकारी जमाखर्च वाचणे हे गोखल्यांच्या सार्वजनिक कामाचे मूळ होते. १८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढे त्यांनी दिलेली साक्ष हिंदुस्थानच्या खर्चाविषयी होती. १९०२ मध्ये कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलताना, रयत दुष्काळाने पिचलेली असताना सरकारच्या तिजोरीत शिल्लक साठते कशी, असा प्रश्न त्यांनी विचारला. पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले होते आणि १९०८ मध्ये विकेंद्रीकरण आयोगापुढे त्यांची साक्ष झाली होती. सरकारचा पैसा आणि गावाचा पैसा यांचे नाते काय, हा प्रश्न अशा रीतीने संस्थेला नावासोबतच मिळाला.

पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांचे वय तेव्हा एकोणतीस होते. केंब्रिजमध्ये लिहिलेला हिंदुस्थानच्या औद्योगिक उत्क्रांतीवरचा त्यांचा प्रबंध १९२४ मध्येच पुस्तकरूपाने आला होता. त्यानंतर मुंबई सरकारच्या वित्त खात्यात थोडा काळ नोकरी, मग सुरतेच्या महाविद्यालयात प्राचार्यपद आणि तिथून पुणे. वित्त खात्यातली ती नोकरी चरित्रांत एका ओळीत उरकली जाते. मला मात्र ती महत्त्वाची वाटते. सरकारी जमाखर्च आतून कसा लिहिला जातो हे त्यांनी तिथे पाहिले. पुढची छत्तीस वर्षे मग त्या जमाखर्चाच्या बाहेर राहिलेल्या गोष्टी मोजण्यात गेली.

सुरुवातीचे विषय पाहिले तर आज आश्चर्य वाटेल. पुण्याच्या बाजारात फळे येतात कुठून, विकली जातात कशी, मधल्या माणसाला किती मिळते, यावर १९३३ मध्ये अभ्यास निघाला. १९३५ मध्ये मुंबई इलाख्यातल्या सहा जिल्ह्यांतल्या मोटार वाहतुकीची पाहणी प्रसिद्ध झाली. अर्थशास्त्र म्हणजे चलन, विनिमयदर आणि लंडनचा बाजार असे समजण्याच्या त्या काळात हे लोक मंडईत आणि मोटार स्टँडवर वह्या घेऊन उभे होते. मग वाई तालुक्यातल्या शेतीची पाहणी झाली आणि तिच्याच आगेमागे, १९३६-३७ च्या सुमारास, पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी.

ही पाहणी या वाटचालीतला सर्वांत मोलाचा टप्पा आहे. नमुना काढून घरे निवडायची, प्रत्येक घरात जाऊन कमावते किती, काम कोणते, मिळकत किती, भाडे किती, मुले शाळेत जातात का, हे लिहून घ्यायचे, अशी तिची रीत. आज हे साधे वाटते. तेव्हा हिंदुस्थानात एका अख्ख्या शहराचे असे चित्र काढण्याचे प्रयत्न फार थोडे होते. पहिला भाग १९४५ मध्ये छापून आला, दुसरा १९५२ मध्ये. मधल्या काळात महायुद्ध झाले, स्वातंत्र्य आले, १५ फेब्रुवारी १९५० रोजी पुण्याची महापालिका झाली. शहर इतके बदलले की जुने आकडे पुरेनात, म्हणून नी. वि. सोवनी, द. प्र. आपटे आणि रा. गो. पेंडसे यांनी फेरपाहणी केली. बदलता रोजगार आणि बदलती कमाई हा तिचा विषय होता आणि ती १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली. सोवनींनी त्याआधी कोल्हापूर शहराची पाहणी केली होती, गाडगीळांनी पुढे सोलापूरचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुणे, कोल्हापूर, सोलापूर या तीन शहरांचे असे तपशीलवार चित्र एका संस्थेने एका पिढीत उभे केले. एकदा मोजून थांबायचे नाही, शहर बदलले की पुन्हा मोजायचे, ही शिस्त मला त्या चित्राहूनही मोठी वाटते.

या सगळ्या काळात खराडी हवेली तालुक्यातले नदीकाठचे गाव होते. मुळा-मुठेच्या काठची शेती, गावठाण आणि जवळून जाणारा नगर रस्ता. शहराच्या पाहणीत ते येण्याचे कारणच नव्हते. पाहणीला सीमा लागते, आणि सीमेबाहेर राहिलेले त्या वेळी शहर नसते.

गोखले संस्थेच्याच वार्षिक समारंभात २९ जानेवारी १९३९ रोजी गोखले हॉलमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे व्याख्यान झाले. रावबहादूर काळे यांच्या स्मरणार्थ सुरू झालेल्या व्याख्यानमालेतले हे व्याख्यान. विषय संघराज्य आणि स्वातंत्र्य यांचा. राजकीय भाषण म्हणून ते गाजले आणि वाचले जाते. पण व्यासपीठावर उभा असलेला माणूस प्रांतिक वित्तव्यवस्थेचा या देशातला पहिल्या फळीतला अभ्यासक होता. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्ताच्या उत्क्रांतीवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. कोलंबिया विद्यापीठातले त्यांचे गुरू सेलिग्मन यांची त्याला प्रस्तावना होती आणि ग्रंथ सयाजीराव गायकवाडांना अर्पण केलेला होता.

त्या ग्रंथात आंबेडकरांनी केंद्र आणि प्रांत यांच्यातल्या पैशाच्या नात्याचे तीन टप्पे दाखवले आहेत. १८७१ पासून पहिला टप्पा : केंद्राने प्रांताला ठरावीक रक्कम नेमून द्यायची, त्यात प्रांताने भागवायचे. १८७७ पासून दुसरा : काही महसूलच प्रांताच्या नावावर करायचे. १८८२ पासून तिसरा : काही महसूल दोघांनी वाटून घ्यायचे. नेमलेली रक्कम, नेमलेला महसूल, वाटलेला महसूल. हे टप्पे वरवर हिशेबाच्या पद्धती वाटतात, पण प्रत्येक टप्प्यात प्रांताला स्वतःच्या वाढीचे फळ किती मिळते ते बदलत जाते. रक्कम नेमून दिली, की प्रांतात कितीही भरभराट झाली तरी त्याच्या हाती ठरलेलेच पडते. महसूल स्वतःचा असेल तर भरभराट झाली की तिजोरीही भरते. महानगरपालिकांच्या आजच्या अडचणी समजून घ्यायला याहून चांगला धडा मला दुसरा माहीत नाही. खराडीपाशी आलो की त्याकडे पुन्हा यावे लागेल.

पानशेत धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले आणि पेठांमधली हजारो घरे वाहून गेली किंवा पडली. पूरग्रस्तांचे पुढे काय झाले, याचा अभ्यास सुलभा ब्रह्मे आणि प्रकाश गोळे यांनी संस्थेतर्फे केला आणि तो १९६७ मध्ये ग्रंथरूपाने आला. सुलभाताई गाडगिळांच्या कन्या, पण त्यांची ओळख त्यांच्या कामाने झाली. पुराने पुण्याचा नकाशा बदलला. पेठांतली माणसे गोखलेनगर, सहकारनगर अशा नव्या वसाहतींत गेली. शहर बाहेर सरकते तेव्हा त्याची किंमत कोणाच्या पदरात पडते, हा प्रश्न या अभ्यासात ठळकपणे आला. दुर्दैवाने पुढच्या दशकांत तो तितक्या सातत्याने कोणी विचारला नाही.

१९६६ मध्ये गाडगिळांनी संचालकपद सोडले. थोडा काळ पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद, मग १९६७ पासून नियोजन आयोगाचे उपाध्यक्षपद. केंद्राने राज्यांना योजनेसाठी द्यायची मदत तोवर बऱ्याच अंशी घासाघीस करून ठरत असे. १९६९ मध्ये त्यांच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र आले : लोकसंख्येला ६० टक्के वजन, दरडोई उत्पन्न सरासरीपेक्षा कमी असलेल्या राज्यांसाठी १०, कर गोळा करण्याच्या प्रयत्नासाठी १०, चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे आणि वीज प्रकल्पांसाठी १० आणि राज्याच्या खास अडचणींसाठी १०. मंडईत वही घेऊन उभे राहणाऱ्या माणसाने देशाचा पैसा वाटण्याचा नियम लिहिला आणि तो नियम कोणालाही कागदावर पडताळून पाहता येत होता. ३ मे १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

संस्थेत गाडगिळांच्या जागी १९६६ मध्येच वि. म. दांडेकर आले होते. गाडगीळ गेले त्याच वर्षी, १९७१ मध्ये, दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि देशभर वादाचा विषय ठरला. त्याची कथा अनेकदा सांगून झाली आहे. इथे मला दांडेकरांच्या दुसऱ्या कामाकडे वळायचे आहे. १९८३ मध्ये राज्य सरकारने प्रादेशिक असमतोलावर समिती नेमली, अध्यक्ष दांडेकर. तेव्हा ते संचालकपदावरून निवृत्त झाले होते. रस्ते, सिंचन, गावांचे विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा क्षेत्रांत राज्याची सरासरी काढायची, जो जिल्हा तिच्याखाली असेल त्याचा फरक म्हणजे अनुशेष, आणि तो भरायला किती पैसा लागेल ते सांगायचे. १९८४ च्या अहवालात हा अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा निघाला. विदर्भाचा वाटा साधारण ३९ टक्के, मराठवाड्याचा २४ आणि उरलेल्या महाराष्ट्राचा ३७. 'अनुशेष' हा शब्द तिथून विधानसभेत, वर्तमानपत्रांत आणि चावडीवर पोचला तो आजतागायत.

या अहवालावर टीका खूप झाली. माझी अडचण वेगळी आहे. मोजणीचे एकक जिल्हा होते. मागासलेले जिल्हे शोधायचे असतील तर ते योग्यच होते. पण त्यामुळे पुणे जिल्हा सरासरीच्या वर दिसला की पुण्याचा प्रश्न संपला, अशी समजूत रुजली. जिल्ह्याच्या आत वेल्हे आणि हवेली, शहराच्या आत पेठा आणि कडेची गावे, यांच्यातली दरी त्या एका आकड्यात लपून गेली. २०११ मध्ये विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखाली समतोल विकासासाठी पुन्हा समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल २०१३ मध्ये आला. तिचाही रोख प्रदेशांवरच राहिला, शहरांच्या कडांवर नव्हता. मात्र त्याआधी तेराव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष म्हणून केळकरांनी स्थानिक संस्थांसाठी मोठी गोष्ट केली होती. या संस्थांना ठोकळ रक्कम न देता केंद्राच्या वाटपयोग्य महसुलाच्या टक्केवारीत अनुदान द्यावे, अशी शिफारस त्या आयोगाने केली. देशाचा महसूल वाढला की गावाचा आणि शहराचा वाटाही वाढावा, हे तत्त्व त्यात आहे. दरम्यान मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागात विभूती शुक्ला यांच्या नावाने नागरी अर्थशास्त्र आणि प्रादेशिक विकासासाठी अध्यासन होते. तिथे अभय पेठे यांनी महापालिकांच्या वित्ताचा अभ्यास सातत्याने पुढे नेला. प्रादेशिक आणि महापालिका वित्त हा विषय आयुष्यभर धरून बसलेला प्राध्यापक महाराष्ट्रात दुर्मीळ, म्हणून ही नोंद आवश्यक वाटते.

आता खराडी. १९९७ मध्ये पुणे महापालिकेत ३८ गावे घेतली गेली, त्यांत खराडी होती. पुढे त्यातली काही गावे वगळली गेली, खराडी राहिली. सातबाऱ्यावरची शेती बिगरशेती झाली, आयटी कंपन्या आल्या, ईऑनसारखी आयटी संकुले आणि वर्ल्ड ट्रेड सेंटर उभे राहिले. पुण्याच्या पेठांनी शंभर वर्षांत जितके बदल पाहिले नसतील तितके इथल्या गावठाणाने पंचवीस वर्षांत पाहिले.

मग महापालिकेच्या तिजोरीचे काय झाले? शहराचा मोठा आधार जकात होती. शहरात येणाऱ्या मालावर नाक्यावरच वसुली. खराडीत पत्ता सांगताना लोक अजूनही जुन्या जकात नाक्याची खूण सांगतात. जकातीत रांगा होत्या, चिरीमिरी होती, व्यापाऱ्यांचा त्रास होता. तरीही शहराचा व्यापार वाढला की तिचे उत्पन्न आपोआप वाढे आणि रोजच्या रोज रोख पैसा जमा होई. १ एप्रिल २०१३ पासून पुण्यात जकात गेली, स्थानिक संस्था कर आला. २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांना त्यातून सूट मिळाली. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला आणि महापालिकांना राज्याकडून भरपाई सुरू झाली. २०१६-१७ चे उत्पन्न पायाभूत धरायचे, वर्षाला ८ टक्के वाढ द्यायची आणि रक्कम महिन्याच्या महिन्याला पाठवायची. आंबेडकरांनी वर्णन केलेला पहिला टप्पा तो हाच. रक्कम वर्षागणिक वाढते खरी, पण ती सूत्राने वाढते. खराडीत उद्या चार नवी संकुले उभी राहिली काय किंवा एकही न राहिले काय, भरपाईच्या आकड्यात त्याचा पत्ता नसतो.

स्वतःचा म्हणावा असा मोठा कर आता मिळकतकर उरला. तोही पूर्णपणे महापालिकेच्या हातात नाही. राज्याच्या आयटी धोरणाने आयटी कंपन्यांच्या जागांना निवासी दराने मिळकतकर देऊ केला. सवलत मुंबईत मंत्रालयात ठरते, उत्पन्न पुण्यात कमी होते. कंपनीच्या नफ्यावरचा कर केंद्राकडे, विक्रीवरचा केंद्र आणि राज्याकडे, आणि त्या कंपनीत रोज येणाऱ्या हजारो माणसांचा रस्ता, मैलापाणी, कचरा मात्र महापालिकेकडे. मालक स्वतः राहत असलेल्या घरांना १९७० पासून मिळणारी ४० टक्के सवलत २०१८ मध्ये रद्द झाली आणि २०२३ मध्ये परत आली. मधल्या वर्षांत ज्या घरांची नव्याने आकारणी झाली, त्यांत खराडीसारख्या भागातली घरे पुष्कळ. त्यांना आधी पूर्ण कर लागला, मग पीटी-३ अर्ज भरून सवलत मागावी लागली. नवे घर घेणाऱ्या तरुण कुटुंबावर जास्तीचा बोजा आणि जुन्या घराला सूट, हे न्याय्य की अन्याय्य याची चर्चा आकड्यांनिशी व्हायला हवी होती. झाली ती आंदोलनांत आणि भाषणांत.

जून २०१७ मध्ये महापालिकेने कर्जरोखे काढले. चोवीस तास पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटी रुपये, दहा वर्षांची मुदत, व्याज ७.५९ टक्के, मुंबई शेअर बाजारात नोंदणी. एकूण आराखडा २,२६४ कोटींचा होता. महापालिका आपल्या नावावर बाजारातून पैसा उभारू शकते, हे त्यातून दिसले आणि मी त्याचे मनापासून स्वागत करतो. पण कर्ज फेडायचे ते कोणत्यातरी वाढत्या उत्पन्नातून. ते उत्पन्न ज्या मिळकतींतून येणार, त्यांचा खरा हिशेब तयार नसेल तर रोखे पुढच्या नगरसेवकांवर टाकलेला भार ठरतात. पूर्व भागासाठी भामा आसखेड धरणातून पाणी आणणारी योजना २०२१ मध्ये सुरू झाली. तिच्यावरून धरणग्रस्त शेतकऱ्यांचे आंदोलन आणि पुनर्वसनाचे प्रश्न वर्षानुवर्षे चालले. त्यांची किंमतही शहराच्या कोणत्याच वहीत नाही.

२०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे महापालिकेत आली आणि पुणे क्षेत्रफळाने राज्यातली सर्वांत मोठी महापालिका झाली. फुरसुंगी आणि उरुळी देवाची या गावांनी कराचा बोजा आणि सुविधांचा अभाव यांविरुद्ध आवाज उठवला आणि २०२४ मध्ये त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. गावे घेताना आणि वगळताना त्या गावातून किती कर येईल, तिथे किती खर्च लागेल, किती वर्षांनी ताळमेळ बसेल, याचा अभ्यास लोकांपुढे ठेवला गेला नाही. खराडी या सगळ्यांच्या पुढे पंचवीस वर्षे चालून गेलेले गाव आहे. तिचा हिशेब नीट लिहिला असता तर मांजरी, वाघोली, नऱ्हे या गावांना आपले भवितव्य वाचता आले असते.

गोखले संस्था १९९३ मध्ये अभिमत विद्यापीठ झाली. अलीकडे तिच्या कारभारावरून वाद न्यायालयापर्यंत गेले आणि वर्तमानपत्रांतून तेच अधिक वाचायला मिळते. मला त्या वास्तूतल्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाच्या फडताळांत असलेले पुणे पाहणीचे खंड जास्त मोलाचे वाटतात. त्यांचा तिसरा खंड लिहिणे बाकी आहे आणि तो खराडीपासून सुरू करावा, असे मी आग्रहाने म्हणतो.

साधने आज गाडगिळांच्या काळापेक्षा कितीतरी जास्त आहेत. सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांना दरवर्षी लेखापरीक्षण करून ताळेबंद सभासदांपुढे ठेवावा लागतो. पाणी, मैलापाणी प्रक्रिया, कचरा, रस्त्यावरचे दिवे या महापालिकेच्या कामांवर लोक खिशातून किती खर्च करतात, ते त्यात लिहिलेले असते. मिळकतकराच्या नोंदी संगणकावर आहेत. जमिनीचे व्यवहार दुय्यम निबंधकांकडे नोंदलेले आहेत, त्यामुळे रस्ता किंवा मेट्रो आल्यावर कोणाच्या जमिनीची किंमत किती वाढली हेही काढता येईल. मात्र आयटी संकुलांत झाडलोट, पहारा आणि उपाहारगृहात राबणारी माणसे चंदननगरच्या किंवा गावठाणाच्या भाड्याच्या खोल्यांत किती भाडे देतात, त्यांचे पाणी कुठून येते, हे कोणत्याही संगणकात नाही. त्यासाठी १९३६ सारखेच दार ठोठावावे लागेल. जनगणना २०२७ मध्ये होते आहे. प्रभागवार घरांचे ताजे आकडे तिच्यातून मिळतील आणि नमुना आखायला त्यांचा आधार होईल. त्याच वर्षी जूनमध्ये पहिल्या कर्जरोख्यांची मुदत संपते. पाहणी तेव्हा सुरू झाली, तर पुढचे कर्ज काढताना स्थायी समितीपुढे खराडीचा खरा जमाखर्च असेल.